आमची वाटचाल : गळतीच्या मागावर

आप्पा प्लंबिंगची कामं करायचे. अलिबागकडे नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये मुंबईकरांचे बंगले उठू लागले, बंगल्यांमागे पोहण्याचे तलाव आले, तशी त्यांची पाइपलाइनही आमच्याकडे येऊ लागली. गळती शोधायचं काम मात्र आम्ही शोधत गेलो नव्हतो. आमच्याच एका चुकीतून ते गळ्यात पडलं.

नागावच्या एका काकूंचा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद. रोज ३ सेंटिमीटर पाणी उतरायचं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हिशेब केला तर दिवसाला हजारेक लिटर. आम्ही तलाव रिकामा केला, टाइलच्या सांध्यांतलं जुनं ग्राउट खरवडून नवं भरलं, पाणी सोडलं. आठवड्यातच काकूंचा फोन : "अरे, पाणी परत उतरतंय रे." त्यांनी आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच लागलं.

आप्पा म्हणाले, "आता वरून भरू नका. कुठे थांबतं ते बघू." दोनेक आठवड्यांनी पाणी तलावाच्या भिंतीतल्या दिव्याच्या पातळीला आलं आणि थबकलं. दिव्याची वायर ज्या नळीतून जाते, तिचाच सांधा सुटला होता. वीज बंद करून नळीच्या तोंडाशी, वायरभोवती, पाण्याखाली घट्ट होणारी इपॉक्सी पुट्टी दाबून बसवली. तासाभराचं काम! ग्राउटचे पैसे आम्ही काकूंना परत केले.

तेव्हापासून हातोडी गाडीतच राहते, आधी बादली उतरते. तलावाच्या पायरीवर तलावाच्याच पाण्याने भरलेली बादली ठेवायची, आत-बाहेर पातळीची खूण करायची आणि २४ तास थांबायचं. ऊन-वारा दोन्हीकडचं पाणी सारखंच पितो. बाहेरचं जास्त उतरलं तर गळती खरी. हीच चाचणी एकदा पंप चालू ठेवून, एकदा बंद ठेवून करतो. पंप चालू असताना पाणी जास्त जात असेल तर संशय पंपाच्या पुढच्या, दाबाच्या पाइपांवर. उलट, तलावात परत येणाऱ्या पाण्यातून सतत बुडबुडे येत असतील, तर पंपाच्या मागची लाइन कुठेतरी हवा ओढते आहे. स्किमर म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं काठाजवळचं तोंड; त्याचं प्लास्टिक आणि काँक्रीट यांच्यातली फट हीही नेहमीची जागा. पंप बंद करून, पाणी स्थिर झाल्यावर तिथे सिरिंजने थोडा खायचा रंग सोडायचा. फट असेल तर रंगाची रेघ आत खेचली जाते. ती रेघ पहिल्यांदा दिसली, तो आनंद मला अजून आठवतो.

पुढे आम्ही पाइपांची तोंडं बंद करायचे बूच आणि दाब मोजायचे प्रेशर गेज घेतले. एकेक पाइप बंद करून त्यात दाब भरायचा; ज्याचा दाब उतरतो, तो पाइप गळका. आता फरशी फोडायची वेळ आली, तर एकाच पाइपच्या मार्गावर फोडतो.

एका बाबतीत मात्र गिऱ्हाईक नाराज झालं तरी आम्ही ऐकत नाही. पावसाळ्यात कोणी "तलाव रिकामा करून द्या" म्हणालं, की आधी वाडीतल्या विहिरीत डोकावतो. विहीर काठोकाठ असेल, तर जमिनीतलं पाणी रिकाम्या तलावाला खालून उचलतं. तळाला तडे जातात, टाइल उखडतात, कधी अख्खा तलावच वर येतो. अशा वेळी जे पाण्याखाली होईल तेवढं करून देतो आणि बाकीच्या कामासाठी विहीर उतरेपर्यंत थांबायला सांगतो. त्यामुळे दिवाळीनंतर आमच्याकडे कामांची रांग लागते.