पाटेवाल्याच्या दुकानातली कॉइल

नागपूरजवळच्या वाडीत, ट्रकांच्या रांगेला लागून बाबांची भट्टी होती. ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या पोलादी स्प्रिंगा, लाल करायचे, घणानं कमान चढवायची, तेलात बुडवायचे आणि मग ताव द्यायचा, म्हणजे ठिसूळपणा जाईल एवढं पुन्हा तापवायचं. ताव बरोबर आला का हे पाहायला बाबा तापल्या पाट्यावर बाभळीची वाळकी काडी घासायचे. ठिणगी चमकली की झालं. दुकान माझ्याकडे आलं तेव्हा एवढीच विद्या वारशात होती, आणि थोडी उधारी.

जीपवाले हळूहळू यायला लागले. काटोलकडचे संत्रेवाले शेतकरी महिंद्राची एमएम ५४० जीप घेऊन यायचे, पेंच-ताडोब्याचे जंगल सफारीवाले जिप्सी घेऊन. दोन्ही गाड्यांना चारही चाकांवर पाटे, म्हणजे आमचंच काम. २०१० मध्ये थार आली तिलाही मागे पाटेच होते. पण तोपर्यंत हौशी पोरं 'कॉइल टाकून द्या ना भाऊ' म्हणायला लागली होती. कॉइल म्हणजे पाट्याऐवजी वेटोळ्यांच्या तारेची स्प्रिंग. गाडी मऊ चालते, चाक खड्ड्यात खोल उतरतं, सगळं खरं. मीही हुरळलो.

पहिली गाडी एमएम ५४०च होती. भंगारातून दुसऱ्या गाडीच्या कॉइल आणल्या, त्या बसवायला चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वाट्या वेल्ड केल्या, पाटे काढून फेकले. अमरावती रोडवर साठच्या वेगाला स्टिअरिंग असं थरथरलं की मालकानं गाडी बाजूला घेऊन मला फोन केला, "भाऊ, गाडी नाचून राहिली!"

चूक माझीच होती. पाटा नुसतं वजन पेलत नाही. दोन बाजूंच्या चाकांना जोडणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल पुढे-मागे सरकू नये, आडवा जाऊ नये, ही राखणही तोच करतो, आणि पाट्यावर पाटा घासून गाडीची उसळीही थोडी आवरतो. कॉइल फक्त वजन धरते. बाकीची कामं तिच्या भोवतीच्या लिंकांनी, म्हणजे जोडदांड्यांनी, करायची असतात. मी लिंका तोकड्या दिल्या आणि आडवं सरकणं रोखणारा पॅनहार्ड रॉड तिरका बसवला. खड्ड्यात चाक वर गेलं की अ‍ॅक्सल एका बाजूला ढकलला जायचा, स्टिअरिंग आपोआप वळायचं. पाटे परत लावले, पैसे परत दिले. बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

त्यानंतर मी हिशेब शिकलो. कॉइलची तार १२ मिलिमीटरऐवजी १३ घेतली तर ताकद १३ भागिले १२ या गुणोत्तराच्या चौथ्या घाताइतकी वाढते, म्हणजे जवळपास ३८ टक्के. पाट्याची जाडी ६ वरून ७ केली तर घनाच्या हिशेबानं ५९ टक्के. एका मिलिमीटरनं गाडी बैलगाडी होते ती अशी. 'एक वेटोळं कापून द्या, गाडी खाली बसंल' म्हणणारे अजून येतात. वेटोळी कमी झाली की कॉइल आणखी कडक होते, हे त्यांना पटवायला चहा लागतो.

मग खरी गोष्ट उमगली. 'गाडी फार आदळते, कॉइल टाका' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांत दोष पाट्याचा नव्हताच. आपली काळी माती पाट्यांच्या मधे शिरते, वाळली की सिमेंटसारखी बसते, वरून गंज चढतो. पाट्याचं टोक चेसिसला धरणारा हलता दुवा, म्हणजे शॅकल, जाम झालेला. पाटा लांब व्हायला जागाच नाही, मग आदळणार नाही तर काय! पाटे सुटे करून घासले, ग्राफाइट ग्रीस दिलं, बुश बदलले, बळजबरीनं घातलेला एखादा जादा पाटा काढला, की मालक विचारतो, "नवीन टाकले का?" यात आमचा धंदा कमी होतो, पण तोच माणूस पुढे चार गाड्या पाठवतो.

सफारीच्या जिप्सीत सहा पर्यटक, गाइड, चालक. वजन सगळं मागे. तिथे मी कॉइलचं नावही काढू देत नाही. देवलापारजवळ एकाचा मेन पाटा तुटला तर त्यानं लाकडाचा ठोकळा अडकवून तारेनं बांधला आणि गाडी घरी आणली. कॉइलच्या गाडीची लिंक निखळली असती तर तिथेच मुक्काम. पाट्याचीही खोड आहेच. कन्हान नदीच्या रेतीत लो गियरमध्ये जोर दिला की अ‍ॅक्सल पिळतो, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, शाफ्ट ठोके देते. त्याला वेगळा रॉड द्यावा लागतो.

ज्यांना हवीच आहे त्यांना सांगतो, कॉइलवरच जन्मलेली गाडी घ्या. २०२० ची थार आहे, २०२३ पासून जिम्नीही आहे, आणि तिच्या दोन्ही अ‍ॅक्सलच्या लिंका कंपनीनं हिशेबानं बांधल्यात. जुन्या गाडीच्या चेसिसवर वेल्डिंग करून रूपांतर करायचं काम आम्ही सोडलं. गाडीत असे बदल करण्यावर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची भानगड वेगळीच, अपघातात विमावाला हेच पकडतो.

आता भट्टीच्या जागी प्रेस आहे, स्प्रिंग दाबून वजन मोजतो. भट्टी विकली नाही, कोपऱ्यात आहे. सप्टेंबरात, जंगलाची गेटं उघडायच्या आधी जिप्स्या रांगेनं लागतात. मागच्या आठवड्यात एका चालकानं विचारलं, "मालक, एक पाटा जादा टाकाल का? यंदा पर्यटक जाडजूड येऊन राहिले." मी म्हटलं, आधी शॅकल दाखव.