डेव्हची जागा

काल रात्री चौथं प्रकरण संपलं. दिवा मालवल्यावर छोटूनं अंधारातच विचारलं, "त्याला सोडलं होतं ना? मग तो परत का आला?"

झोप आता, म्हटलं. आणि मीच जागी राहिले.

जॅक लंडनचं 'द कॉल ऑफ द वाइल्ड' शाळेत असताना वाचलं तेव्हा ते माझ्या लेखी फक्त बक नावाच्या कुत्र्याचं पुस्तक होतं. बक चोरीला जातो, सोट्याचा मार खातो, बर्फात खळगा करून झोपायला शिकतो, स्पिट्झ या कुत्र्याला हरवून म्होरक्या होतो, शेवटी लांडग्यांत मिसळतो. डेव्ह मला आठवतही नव्हता. त्याच्या वाट्याला पानं तरी किती!

घुम्या कुत्रा. कुणी जवळ येऊ नये, एवढंच मागणं. पण स्लेजला, म्हणजे बर्फावरून ओढायच्या गाडीला, जुंपलं की अंगात जीव यायचा. नवख्या बकला वळण लावलं ते त्यानं आणि सोलेक्स नावाच्या दुसऱ्या कुत्र्यानं. उगाच कधी चावला नाही, आणि चूक झाली तर चावल्याशिवाय राहिलाही नाही.

मग कॅनडातल्या डॉसनहून टपाल घेऊन अलास्कातल्या स्कॅगवे बंदराकडे येताना त्याच्या आत काहीतरी बिघडतं. चाचपून पाहतात, मोडलेलं हाड सापडत नाही. सगळेच थकलेले, स्कॅगवेला पोचेपर्यंत बकसुद्धा १४० पौंडांवरून ११५ वर येतो. वाटेतल्या कॅसियर बार या ठिकाणापाशी डेव्ह जुंपलेल्या पट्ट्यांतच पुनःपुन्हा कोसळायला लागतो. तेव्हा स्लेज हाकणारा त्याला सोडवतो आणि त्याच्या जागी सोलेक्सला जुंपतो. मागून मोकळा येऊ दे, तेवढाच विसावा.

तो माणूस भला होता, हेच मला सोसत नाहीये. दुष्टपणा असता तर रागावता तरी आलं असतं. मलाही सगळे मायेनंच म्हणाले, किती वर्षं केलंस, आता जरा बस. कुणाचा आवाज चढला नाही. कपाटाची किल्ली मीच काढून दिली. त्यानंतरचे पंधरा दिवस... जाऊ दे.

डेव्ह मागून येतच नाही. वाटेकडेच्या भुसभुशीत बर्फातून धडपडत सोलेक्सला चावतो, ढकलतो, कळवळून रडतो. माणूस चाबूक उगारतो, पण जोरात मारायला त्याचं मन होत नाही. पुढच्या थांब्यावर तो पाइप पेटवून येतो, कुत्र्यांना हाकारतो, तर कुत्रे पुढे आणि स्लेज जागच्या जागी. डेव्हनं सोलेक्सचे दोन्ही पट्टे दातांनी तोडलेत आणि स्वतः स्लेजपुढे, आपल्या जागी, उभा आहे.

इथे वाचताना माझा आवाज गेला.

ते त्याला पुन्हा जुंपतात. मरायचंच आहे तर कामात मरू दे. बरोबर केलं का त्यांनी? रात्रभर हेच. घटकेत वाटतं, हीच खरी माया. घटकेत वाटतं, तो वेदनेनं ओरडत होता, तरीही? लंडन स्वतः १८९७ मध्ये सोन्यामागे कॅनडातल्या क्लोंडाइकला गेला होता. असा एखादा डेव्ह त्यानं तिथे पाहिला असेल का? दुसऱ्या सकाळी डेव्हला उभंही राहवत नाही. सरपटत येतो, मागे पडतो. माणूस एकटा मागे जातो. गोळीचा आवाज येतो. तो घाईनं परततो, घुंगरं वाजतात, स्लेज निघते.

पहाटे मात्र सोलेक्स डोळ्यांपुढे आला. एका डोळ्यानं आंधळा. ती जागा त्यानं मागितली नव्हती. जुंपलं, उभा राहिला. चावे मात्र त्यानं खाल्ले.

परवा माझ्या जागी आलेल्या त्या नव्या मुलीनं फोन करून विचारलं, जुन्या याद्या कुठे असतात. "शोध, सापडतील," म्हणून मी फोन ठेवला. रात्रभर मी स्वतःला डेव्ह समजून रडत होते. डेव्ह मरत होता. माझ्या जिवाला काहीही झालेलं नाही, आणि मी दात लावले ते तिला.

छोटूला सकाळी सांगितलं, त्याला सुटायचंच नव्हतं रे. त्यानं मान हलवली, पटलं असं नाही.

याद्या खालच्या कप्प्यात आहेत, डावीकडे, निळ्या फायलींच्या मागे. तिथे हात घालायचं कुणाच्या मनातही येणार नाही. नऊ वाजले की तिला फोन करते.