पीएच.डी. करून सॉफ्टवेअरमध्ये का?

एम.एस्सी. करणारी मुलं विचारतात, त्यांचे आईवडील तर हमखास विचारतात: "मॅडम, रेडिओ खगोलशास्त्रात पीएच.डी. केलीत, कॉलेजात शिकवलंत, आणि आता सॉफ्टवेअर. मग आधीच इंजिनिअरिंगला गेला असतात तर एवढी वर्षं वाचली नसती का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. वाचली नसती. आज ज्या कामाचा पगार मिळतो, ते काम मी त्याच वर्षांत शिकले.

माझं संशोधन जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर झालं. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार डिश उभ्या आहेत. एकूण ३०. त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने, उरलेल्या तीन दिशांना साधारण २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. पत्र्याऐवजी तारांची जाळी ताणून बसवायची ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची कल्पना. वारा आरपार जातो, सांगाडा हलका होतो आणि खर्च आवाक्यात राहतो. ३० डिशच्या ४३५ जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीची नोंद वेगळी. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो, की विजेच्या तारेवर ठिणगी उडाली तरी तो झाकला जातो. त्यामुळे माझा बराचसा वेळ तांदळातले खडे निवडावेत तसा डेटा निवडण्यात जायचा. आधी थ्री-सी २८६ सारख्या, तेज नेमकं माहीत असलेल्या स्रोताकडे दुर्बीण वळवायची, यंत्र काय सांगतंय ते तपासायचं, आणि मगच आपल्या स्रोतावर विश्वास ठेवायचा. हे हाताने करणं अशक्य, म्हणून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले. ते कुणी शिकवलं नाही. गरज होती, शिकावंच लागलं.

पीएच.डी.नंतर कॉलेजात आले. शिकवणं मला मनापासून आवडायचं, अजून आवडतं. एफ.वाय.च्या प्रॅक्टिकलला बार पेंड्युलम असतो: लोखंडी पट्टी लंबकासारखी झुलवून गुरुत्वत्वरण काढायचं. उत्तर ९८० (सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग) यायला हवं हे सगळ्यांना आधीच पाठ, म्हणून मुलं रीडिंग 'बसवतात'. एका मुलाचं उत्तर सारखं १०८५च्या आसपास येत होतं. तो खोडरबर घेऊन बसला होता. मी म्हटलं, खोडू नकोस, पुन्हा मोज, मी बघते. स्टॉपवॉच सुरू करतानाच तो 'एक' म्हणत होता. म्हणजे २० आंदोलनं मोजली असं वाटायचं, पण व्हायची १९. वीस भागिले एकोणीस, त्याचा वर्ग, गुणिले ९८०: उत्तर बरोबर १०८६. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. चुकीच्या उत्तरातही कारण सापडतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. जर्नलमध्ये आम्ही दोन्ही उत्तरं ठेवली.

मग सोडलं का? कारण मी तासिका तत्त्वावर होते. जेवढे तास घ्याल तेवढेच पैसे, सुट्टीत काही नाही, आणि मानधन महिनोन्महिने थकायचं. जागा रिकाम्या, पण भरती होत नव्हती. घरभाडं आणि आईची औषधं यांना थांबता येत नाही. ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षं विज्ञानाला दिली, त्यांना असं ताटकळत ठेवणं अन्यायाचं आहे, आणि ते मी प्रत्येक वेळी स्पष्ट बोलते.

आताचं माझं काम म्हणजे चाकणसारख्या पट्ट्यातल्या कारखान्यांतल्या, यंत्रं चालवणाऱ्या विजेच्या मोटरच्या कंपनांवरून बिघाड आधीच ओळखणारं सॉफ्टवेअर. मोटर मिनिटाला २९६० फेरे (आरपीएम) घेत असली तर सेकंदाला ४९.३ फेरे होतात. शाफ्टची जोडणी, म्हणजे कपलिंग, तिरकी असेल तर दुप्पट वारंवारतेला, ९८.७ हर्ट्झला, कंपन वाढतं. विजेच्या बाजूचा दोष असेल तर नेमकं १०० हर्ट्झला. आमच्या प्रोग्रामला हे दोन्ही एकच दिसायचे, आणि मेकॅनिक नाहक कपलिंग उघडत बसायचे. नोंद अर्ध्या सेकंदाची होती. तेवढ्यात २ हर्ट्झपेक्षा जवळच्या वारंवारता वेगळ्या करताच येत नाहीत. मी नोंद १० सेकंदांची मागितली. दोन शिखरं सुटी झाली. खोडदच्या डिश इतक्या लांब लांब का पसरल्या आहेत, याचं उत्तर हेच गणित देतं: अंतर जितकं मोठं, तितका आकाशातला बारीक तपशील वेगळा दिसतो. सिग्नलमधल्या वेगवेगळ्या वारंवारता सुट्या करणारं हे गणित म्हणजे फूरियेचं रूपांतर, इथेही तेच, तिथेही तेच.

म्हणून पीएच.डी. करू का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणत नाही. एखाद्या प्रश्नाने खरंच झपाटलं असेल तर जरूर करा. कायमची नोकरी मिळेलच असं धरून मात्र करू नका. प्राध्यापकीच्या पात्रतेसाठीच्या नेट-सेट परीक्षा सुरुवातीलाच देऊन टाका. लिनक्स आणि पायथन पहिल्या वर्षापासून हाताखालून जाऊ द्या, आणि स्वतः लिहिलेला कोड दुसऱ्याला वाचता येईल असा ठेवा. गाइड ठरवण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करा: प्रबंधाला किती वर्षं लागली, फेलोशिप वेळेवर यायची का, आज ते काय करतात. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.