आप्पांचा कंटेनर आणि तांबडा समुद्र

मी न्हावा शेवा बंदराजवळ एका फॉरवर्डरकडे, म्हणजे माल परदेशी पाठवायची व्यवस्था करणाऱ्या कंपनीत, डॉक्युमेंटेशन बघते. जानेवारी लागला की द्राक्षं, फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), बीएल (जहाजावर माल चढवल्याची पावती) आणि रिफरचं, म्हणजे थंड कंटेनरचं, टेंपरेचर, दुसरं काही सुचतच नाही. १२ जानेवारी २०२४, शुक्रवार. अटल सेतूच्या उद्घाटनाचा बंदोबस्त होता म्हणून बस अडकलेली, तिथेच मोबाइलवर बातमी वाचली की तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले करणाऱ्या हुथी बंडखोरांच्या येमेनमधल्या तळांवर अमेरिका आणि ब्रिटनने रात्री हल्ले केलेत, आणि पोटात गोळाच आला. बागलाणच्या आप्पांचा अर्ली थॉमसन द्राक्षांचा कंटेनर, १३ टन, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला निघालेला, सहा दिवसांपूर्वी इथून सुटलेला, म्हणजे येमेनच्या एडन बंदराच्या आसपासच असणार.

ऑफिसात जाऊन आधी जहाजांचं ट्रॅकिंग लावलं. त्या भागातल्या काही जहाजांनी डेस्टिनेशनच्या जागी बंदराचं नावच टाकलं नव्हतं, तिथे लिहिलेलं "इस्रायलशी संबंध नाही", "सगळा क्रू चायनीज". एवढी मोठी जहाजं आणि अशी गयावया करत चाललेली, मला ते बघवेना. आमचं जहाज बाब-एल-मांदेबच्या, म्हणजे तांबड्या समुद्रात शिरायच्या सामुद्रधुनीच्या, अलीकडून वळलं होतं. साडेअकराला शिपिंग लाइनचा (जहाज कंपनीचा) मेल आला: ऑपरेशनल कारणामुळे केप ऑफ गुड होपमार्गे. म्हणजे अख्ख्या आफ्रिकेला वळसा.

आप्पांना फोन केला.

"बोटीला काही लागलं का ताई?"

"नाही आप्पा, बोट चांगली आहे, फक्त लांबून जाणार."

"मग हे हुथी म्हंजी सरकार हाये का तिथलं?"

टीवायला पॉलिटिकल सायन्स होतं मला, नॉन-स्टेट अ‍ॅक्टर म्हणजे सरकार नसलेला ताकदवान गट, चोकपॉइंट म्हणजे जहाजांची चिंचोळी वाट, सगळं पाठ केलेलं. आप्पांना सांगताना ते पहिल्यांदा नीट कळलं. सना शहर २०१४ पासून त्यांच्या ताब्यात आहे पण जगातले बहुतेक देश त्यांना सरकार मानत नाहीत, जहाजांवरचे हल्ले गाझासाठी करतोय म्हणतात, नोव्हेंबरात हेलिकॉप्टर उतरवून 'गॅलेक्सी लीडर' जहाजच पळवलं, आणि सुएझला जायचं तर त्यांच्या दारातल्या जेमतेम तीस किलोमीटरच्या सामुद्रधुनीतून जावं लागतं. आप्पा शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "इन्शुरन्स काढलाय ना आपण?"

काढला होता, वॉरचा जादा प्रीमियमही भरला होता. पॉलिसी उघडून तीनदा वाचली. क्षेपणास्त्र लागून माल गेला तर पैसे मिळणार, पण उशिरामुळे झालेलं नुकसान त्यात बसतच नाही, मग तो उशीर कशानेही होवो. हे आप्पांना सांगायचं म्हणून दहा मिनिटं फोन हातात धरून बसले होते.

एरवी तीन-साडेतीन आठवडे लागतात, कंटेनर ४१ दिवसांनी पोचला. खरेदीदाराने फोटो पाठवले, मणी ठीक दिसत होते पण देठ पार तपकिरी, काही पनेटमध्ये (द्राक्षांच्या छोट्या डब्यांत) मणी गळून खाली पडलेले. भाव पाडला. वर लाइनने सरचार्ज लावला तो वेगळाच.

आप्पांना विकास सोसायटीत, म्हणजे गावच्या शेतीकर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, दाखवायला पत्र हवं होतं, कर्जाचा हप्ता पुढे ढकलायला. मी लेटरहेडवर टाइप केलं, विलंबाचं कारण: तांबड्या समुद्रातलं युद्ध. साहेब म्हणाले युद्ध नको लिहू, ऑपरेशनल कारण लिही, मेलमध्ये तेच आहे. मी म्हटलं सर, सोसायटीच्या सेक्रेटरीला ऑपरेशनल म्हणजे काय कळणार, आणि आप्पांचं नुकसान युद्धानेच झालंय. साहेबांनी पत्र परत एकदा वाचलं आणि तशीच सही केली.