आयसीएफ, पण डब्यावरचं नव्हे

परवा कोल्हापुरातून पुतण्याचा व्हॉइस मेसेज आला. "काका, तुम्ही ईस्ट हॅमला राहता न्हवं? मग वेस्ट हॅमचा टी-शर्ट पाठवा की. आणि पाठीवर आयसीएफ छापून घ्या. नाद खुळा दिसतंय."

आयसीएफ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर रेल्वेचा निळा डबा येतो. चेन्नईच्या पेरांबूर कारखान्यात, म्हणजे इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनलेला, खिडकीला आडव्या सळ्या असलेला. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना अर्धं बालपण त्यातच गेलं. गंमत म्हणजे पुतण्याच्या आयसीएफचं नावही रेल्वेवरूनच आलंय. इंटर सिटी फर्म. वेस्ट हॅम युनायटेड या पूर्व लंडनमधल्या फुटबॉल क्लबच्या मारामारी करणाऱ्या समर्थकांची टोळी. तिची इथली हकिगत मला कळली ती खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याकडून. तो ब्रिटिश रेलमध्ये गार्ड होता.

सत्तरच्या दशकात दुसऱ्या गावी सामना असला की समर्थकांसाठी 'फुटबॉल स्पेशल' गाड्या सुटायच्या. मोडकळीला आलेले डबे, आणि गाडीतून उतरलं की पोलीस मेंढरं हाकावीत तसे सगळ्यांना मैदानापर्यंत हाकत न्यायचे. वेस्ट हॅमच्या काही पोरांनी यावर साधा तोडगा काढला. ते स्पेशलनं जाईनात. नेहमीच्या इंटरसिटी गाडीनं, चार प्रवाशांसारखे, लवकर जाऊन उतरायचे. पोलीस स्टेशनावर स्पेशलची वाट बघत उभे, आणि ही मंडळी गावातल्या पबमध्ये केव्हाची बसलेली. बाकीच्यांची नावंही अशीच: लीड्सची सर्व्हिस क्रू, आणि पोर्ट्समथची तर 6.57 क्रू, म्हणजे लंडनला जाणाऱ्या सकाळच्या गाडीची वेळच. आपल्याकडे 'महालक्ष्मी गँग' असती तसं.

"दंगा करायचे का गाडीत?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

"अख्ख्या गाडीतला सगळ्यात शांत डबा," तो म्हणाला. "कपडे माझ्यापेक्षा चांगले."

कपड्यांचं खरंच आहे. पोलीस शोधायचे टक्कल केलेली, जाड बूट घातलेली, गळ्यात क्लबचा स्कार्फ असलेली पोरं. म्हणून यांनी स्कार्फ सोडला आणि इटालियन ट्रॅकसूट, महागडे स्वेटर घालायला सुरुवात केली. ऐंशीच्या दशकात इंग्लंडभर ही फॅशनच झाली, 'कॅज्युअल्स' म्हणतात तिला.

आणि मग ते कार्ड. म्हाताऱ्याकडे एक आहे, बिस्किटांच्या डब्यात, जुन्या पंचिंग मशीनशेजारी. एका नीटनेटक्या पोरानं उतरताना हसत हातात ठेवलं म्हणे. व्हिजिटिंग कार्डच. मजकूर असा: अभिनंदन, तुमची नुकतीच आयसीएफशी भेट झाली आहे. मार खाऊन पडलेल्या माणसाच्या अंगावर हे कार्ड टाकून जायची पद्धत होती. मला त्या मारामारीपेक्षा हे कार्ड जास्त खुपतं. रागाच्या भरात दगड उचलणारा माणूस मला कळतो, तसे पेठेत ढिगानं पाहिलेत. पण आठवड्याच्या मधल्या दिवशी प्रेसवाल्याकडे जाऊन, कागद निवडून, प्रूफ तपासून, पैसे देऊन कार्डं छापून आणणारा? त्याला राग आलेलाच नसतो.

लोक सांगतात, गोदी बंद पडली, बेकारी आली, म्हणून पोरं बिघडली. वेस्ट हॅमचा जन्म 1895 साली थेम्स आयर्नवर्क्स या जहाजांच्या कारखान्यातला, म्हणून बिल्ल्यावर दोन हातोडे. नदीपलीकडचे हाडवैरी मिलवॉल 1885 चे, जॅमच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेले. आणि 1981 पर्यंत इथल्या रॉयल डॉक्सचं काम थांबलं हेही खरं. पण म्हातारा हे कारण मानत नाही. त्याच्या मते त्या डब्यातल्या बऱ्याच जणांना नोकऱ्या होत्या. बेकाराला इंटरसिटीचं तिकीट आणि तो स्वेटर परवडलाच नसता. 1985 मध्ये टीव्हीवर त्यांच्यावर माहितीपट आला, तेव्हा ही मंडळी कॅमेऱ्यासमोर आरामात बोलली.

एक गोष्ट मात्र माझ्या समजुतीत बसत नव्हती. तेव्हा मैदानांबाहेर नॅशनल फ्रंट या वंशद्वेष्ट्या पक्षाचे लोक गोऱ्या पोरांना गोळा करायचे, काळ्या खेळाडूंवर केळी फेकली जायची. आणि आयसीएफच्या पुढाऱ्यांत कॅस पेनंट नावाचा काळा माणूस, गोऱ्या कुटुंबात वाढलेला. तो तुरुंगात गेला, बाहेर आला, पुढे लेखक झाला. म्हणून टोळी वंशभेद न मानणारी होती, असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. आपला तो आपला, एवढंच.

क्लबला किंमत मोजावी लागली ती वेगळीच. 1980 मध्ये माद्रिदला कास्तिया संघाविरुद्धच्या सामन्यात वेस्ट हॅमच्या समर्थकांनी धिंगाणा केला. शिक्षा म्हणून परतीचा सामना वेस्ट हॅमच्या अप्टन पार्क मैदानावर प्रेक्षकांशिवाय झाला. मैदानात मोजून 262 माणसं. वेस्ट हॅम 5-1 जिंकला. खेळाडूंच्या हाका आणि चेंडूचा आवाज तेवढा घुमत होता म्हणतात. 1982 च्या मे महिन्यात आर्सेनलबरोबरच्या सामन्याच्या दिवशी आर्सेनलच्या मैदानाबाहेर एक तरुण आर्सेनल समर्थक भोसकला जाऊन मेला. 1986 मध्ये हॉलंडला निघालेल्या बोटीवर वेस्ट हॅम आणि मँचेस्टर युनायटेडवाले एकमेकांवर असे तुटून पडले की कप्तानानं बोट हार्विच बंदराकडे माघारी वळवली. पुढे पोलिसांनी पहाटे धाडी घालून लोक उचलले, पण 1988 मध्ये पोलिसांच्याच नोंदींवर शंका आली आणि खटला कोसळला.

मी स्वतः पाहिलं ते फक्त शेपूट. 25 ऑगस्ट 2009, मिलवॉलबरोबर कपचा सामना. मी तेव्हा अप्टन पार्कजवळच्या ग्रीन स्ट्रीटवर साड्यांच्या दुकानात अर्धवेळ काम करायचो. मालकांनी चारलाच शटर ओढलं आणि म्हणाले, मागच्या दारानं घरी जा. एक माणूस भोसकला गेला, लोक पुन्हा पुन्हा मैदानात घुसले, वेस्ट हॅम जादा वेळेत 3-1 जिंकला. मला आठवतात ते पन्नाशीतले, पोट सुटलेले गडी, रस्त्याच्या कडेला धापा टाकत उभे. पोरं म्हणून आले नव्हते ते. पोरपण पुन्हा भेटतंय का बघायला आलेले.

अप्टन पार्कवर शेवटचा सामना 10 मे 2016 ला झाला. आता तिथं फ्लॅट आहेत.

खरं सांगायचं तर पुतण्याला उपदेश करायचा हक्क मला नाही. कोल्हापुरात तालमींचे फुटबॉल संघ असतात, आणि त्यांच्या सामन्याला शाहू स्टेडियमवर आठवीत असताना मीही दगड मारलाय. आमची तालीम कुठली ते लिहीत नाही, समोरची तर नाहीच. दगड कुणाला लागला ते बघायला मी थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी तालमीत सगळ्यांनी पाठ थोपटली, वस्तादांनी मात्र महिनाभर आखाड्याची माती उकरायला लावली. बाबांना हे अजून ठाऊक नाही. ब्लॉग ते वाचत नाहीत म्हणून लिहितोय.

टी-शर्ट काल पोस्टात टाकला. मरून आणि निळा, छातीवर दोन हातोडे. पाठीवर काहीच छापलं नाही. पुतण्याचा लगेच मेसेज: "काका, पाठ मोकळीच ठेवली व्हय?"

"हो," म्हटलं, "तुझं आडनाव छापून घे तिथंच, राजारामपुरीत."

अजून उत्तर नाही.