सर्वानुमते मंजूर

मंडळाची पोरं वर्गणीला दुपारीच येतात, माणूस जेवून सुस्तावलेला असताना. पण त्यांची खरी हुशारी पावतीपुस्तकात असते. बेळगावातलं शहापूर असो की वडगाव, पुस्तक फाडायला सुरुवात तालेवार घरापासून. पहिल्या तीन स्थळप्रतींवर ५०१ पडले की पुढचा माणूस ५१ वर थांबायला लाजतो. पहिलीच पावती ५१ ची फाटली, तर मग पुस्तक बसलंच.

तीनच का? अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञांनी १९५१ च्या सुमारास हे रेघांवर तपासलं. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन; तिच्याएवढी कुठली, ते मोठ्यानं सांगायचं. एकट्यानं सांगताना जवळजवळ कुणी चुकत नाही. पण इथं बाकीचे सगळे पढवलेले, एका सुरात चुकीचं सांगणारे. फसव्या फेऱ्यांतली सुमारे ३७ टक्के उत्तरं त्यांच्यामागं गेली. चौघांतला एक मात्र एकदाही हलला नाही, आणि त्याच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. चुकीचं सांगणारा एकच असला तर काही होत नाही. दोघांनी थोडं, तिघांनी भरपूर. त्यापुढे माणसं वाढवून विशेष फरक पडत नाही. उलट एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, तर चुका पाव हिश्शावर येतात. उत्तर कागदावर लिहून घेतलं तरी कमी होतात.

गल्लीच्या बैठकीत नेमक्या याच दोन गोष्टी नसतात. पंच आधी बोलतात, कोपऱ्यातून ‘चालतंय की वो’ येतं, हात वर. डॉल्बी नको असलेलाही हात वर करतो, कारण बाकीच्यांना हवाय असं त्याला वाटतं. शेजारच्यालाही त्याच्याबद्दल तेच वाटत असतं.

उपाय अवघड नाही. चर्चेआधी चिठ्ठ्या वाटायच्या. चर्चेनंतर वाटल्या तर ऐकलेलंच कागदावर उतरतं. चिठ्ठीवर फक्त हो किंवा नाहीपुढं खूण करायची, कारण गल्लीत अक्षर ओळखतात. मग बोलायला सुरुवात सगळ्यात लहान पोरापासून, अध्यक्ष शेवटी. अध्यक्षांनी नुसती मान हलवली तरी आधीचं सगळं वाया जातं, म्हणून त्यांना चहाच्या व्यवस्थेला धाडलेलं बरं.

आता ही चिठ्ठ्यांची सूचना मंजूर करून घ्यायची, तर तीही हात वर करूनच.