उडता येतं, मग गडग्यापाशी का अडतो?

अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात राहतो आणि वसंतात रानटर्कीच्या शिकारीला जातो म्हटलं की मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: खाता का? खातो. छाती मऊ असते, मांड्या मात्र मंद आचेवर तासन्‌तास शिजवाव्या लागतात. दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. एवढा दणकट पक्षी, रात्री झाडाच्या शेंड्यावर उडून बसतो, मग कमरेएवढ्या दगडी गडग्यापाशी येऊन थांबतो कसा? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

आमच्याकडे वसंतातला हंगाम मे महिनाभर असतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी बारापर्यंत, आणि तोही फक्त दाढीवाल्या पक्ष्यांचा. दाढी म्हणजे छातीवर लोंबणारा, केसांसारख्या राठ पिसांचा झुबका. तो नराला असतो, क्वचित मादीलाही. पहाटे नर झाडावरूनच आरवायला लागतो. त्यांच्यात रीत अशी की नराने हाक द्यायची, पिसारा फुलवून उभं राहायचं आणि मादीने चालत त्याच्याकडे जायचं. आम्ही पाटीच्या चकतीवर काडी घासून मादीचा आवाज काढतो, म्हणजे त्याला उलट्या रिवाजाने बोलावतो. तो येतो, पण अर्ध्या मनाने. जिथून मादी दिसायला हवी तिथवर येतो आणि थांबतो. जंगलात ती जागा नेमकी गडगा असते, कारण त्याच्या कडेने रासबेरीची जाळी आणि कोवळी झाडं माजलेली असतात. पलीकडचं दिसतं ते तिथे पोचल्यावरच. तो मान उंच करून बघतो. मादी नाही. मग पिसारा फुलवून येरझाऱ्या घालत बसतो, कारण आता यायची पाळी तिची. गडगा ओलांडणं त्याला मुळीच कठीण नाही, त्याला गरजच वाटत नाही. मेंढ्यांसाठी लावलेली जुनी जाळीची तार असेल तर प्रकार आणखी गमतीचा: आरपार सगळं दिसतं, पण हा पठ्ठ्या उडायचं सोडून फट शोधत तारेच्या कडेने फिरत राहतो.

म्हणून गडग्याच्या आडोशाला लपून त्याला पलीकडून बोलावू नये. आडोसा कितीही झकास असला तरी. तो ज्या बाजूने येणार त्याच बाजूला, आपल्या खांद्यांपेक्षा रुंद झाडाला पाठ लावून बसावं. नाहीतर बेड्यापाशी, म्हणजे पूर्वी मेंढ्या आणि गाड्या जायला ठेवलेल्या मोकळ्या जागेपाशी. तिथून टर्की बिनदिक्कत चालत येतात. त्यासाठी गडगे आधी ठाऊक हवेत, आणि ते बघायचे हिवाळ्यात, पानं झडल्यावर. माझ्या मते निम्मी शिकार तिथेच होते. महागडी बंदूक घेणाऱ्यांना हे पटत नाही.

आता घनदाट जंगलात गडगे कुठून आले, हाही प्रश्न येतोच. तिथे जंगल नव्हतं. पोर्तुगालमधला अमेरिकेचा वाणिज्यदूत विल्यम जार्व्हिस याने 1811 च्या सुमारास मेरिनो मेंढ्या इथे आणल्या आणि लोकांना लोकरीचं वेड लागलं. 1840 मध्ये या चिमुकल्या राज्यात सुमारे सतरा लाख मेंढ्या होत्या, माणशी जवळपास सहा. डोंगरच्या डोंगर उघडे केले, जमिनीतून निघालेले दगड कडेला रचले. झाडं गेली तशी टर्कीही गेली. पुढे लोकरीचा भाव पडला, शेतकरी पश्चिमेकडे गेले, रान परत वाढलं. आज राज्याचा तीन चतुर्थांश भाग पुन्हा जंगल आहे. टर्की मात्र आपणहून परतल्या नाहीत. 1969-70 मध्ये न्यूयॉर्क राज्यातून 31 पक्षी आणून सोडले, आजचे हजारो पक्षी मुख्यतः त्यांचीच पिलावळ.

मग दुसऱ्याच्या गडग्याआड शिरता कसे? 1777 च्या व्हर्मॉन्टच्या घटनेतच लिहून ठेवलंय की स्वतःच्या आणि कुंपण न घातलेल्या इतरांच्या जमिनीवर योग्य हंगामात शिकार करायला लोक मोकळे आहेत. पण ढासळलेला गडगा म्हणजे आज मनाई नव्हे, आणि तो आजच्या मालकीची हद्द असेलच असंही नाही. कित्येक गडगे एकाच मालकाच्या रानामधून जातात. मनाई करायची तर मालकाने दर 400 फुटांच्या आत पाट्या लावायच्या, त्यांवर दरवर्षी तारीख घालायची आणि गावच्या कारकुनाकडे नोंद करायची. पाटी नसली तरी मी दार ठोठावून विचारतोच. कायद्याने लागत नाही, पण म्हाताऱ्या मालकांकडूनच कळतं की जुनी काटेरी तार कुठल्या मेपलच्या खोडात रुतली आहे आणि कुठे पाचोळ्याखाली पडली आहे. पहाटेच्या अंधारात त्या तारेत पाय अडकला तर काय होईल ते सांगायला नको.

गडगा किंवा तार ओलांडताना काडतुसं बाहेर काढायची, बंदूक तोंड दुसरीकडे करून पलीकडे ठेवायची, मगच पाय उचलायचा. लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको. नराचं डोकं याच रंगांचं असतं. आणि गडग्यावर नुसतं डोकं हललं तर काही करायचं नाही. तो आडोसा तुम्हाला आवडला तसा दुसऱ्या शिकाऱ्यालाही आवडला असेल, आणि तुम्ही ऐकताय ती मादी कदाचित तोच असेल. पक्षी पूर्ण बाहेर येऊन दाढी दिसेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर ठेवायचं.